खर्जाचा धनी : जेम्स जेमर्सन

गाणे ऐकताना आपले लक्ष प्रथम गाणाऱ्याच्या गळ्याकडे जाते, मग साथीतल्या एखाद्या ठळक वाद्याकडे. सर्वांत खाली जो खर्ज घुमत असतो, त्याच्याकडे मुद्दाम कान देणारा श्रोता विरळा. तंबोऱ्याची खर्जाची तार मध्येच थांबली, तर मात्र काही तरी हरवले असे सर्वांनाच वाटते. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात, विशेषतः रॉक आणि सोल या प्रकारांत, हे खालचे काम बास गिटार करते. या वाद्याला नुसता आधार न ठेवता ज्याने स्वतःची वाणी दिली, त्या जेम्स जेमर्सन या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाची ओळख आज करून द्यावयाची आहे.

प्रथम वाद्याविषयी थोडेसे. पूर्वी हे काम डबल बास नावाचे, माणसाच्या उंचीचे अवजड वाद्य करीत असे. ते प्रवासात नेणे अवघड, आणि ढोल व विजेवरची गिटार यांच्या गदारोळात त्याचा आवाज बुडून जाई. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवून वाजवावयाचे, विजेवर चालणारे बास बाजारात आणले. त्याच्या चार तारा साध्या गिटारच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खाली लावलेल्या असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. दांडीवर सतारीप्रमाणे पडदे असल्यामुळे स्वर नेमका लागतो, म्हणून या वाद्याला ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असे नाव मिळाले.

जेमर्सनचा जन्म २९ जानेवारी १९३६ रोजी साउथ कॅरोलायना राज्यात झाला. तेथील किनाऱ्याजवळच्या एडिस्टो बेटावर त्याचे बालपण गेले. काठीला रबराचा पट्टा ताणून, ती मुंग्यांच्या वारुळात रोवून, छेडलेल्या नादावर तो मुंग्यांना ‘नाचवीत’ असे, अशी त्याच्या लहानपणची आठवण सांगतात. १९५४ साली तो मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेट्रॉइट शहरी आला. तेथे शाळेत त्याने डबल बास हाती घेतला आणि थोड्याच काळात तो रात्रीच्या क्लबांतून जॅझ वाजवू लागला.

त्याच शहरात मोटारीच्या कारखान्यात काम केलेल्या बेरी गॉर्डी या तरुणाने १९५९ साली घरच्या मंडळींकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय मांडला. ‘मोटार टाउन’ या शब्दांवरून त्या कंपनीचे नाव पडले मोटाउन. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील एका साध्या घरात तिचा स्टुडिओ होता. तारांच्या भेंडोळ्यांमुळे वादक त्याला ‘सापांचा खड्डा’ म्हणत. ‘फंक ब्रदर्स’ या नावाने पुढे ओळखला गेलेला वादकांचा संच येथे दिवसरात्र राबत असे. गायक बदलत, वादक मात्र तेच राहत. आणि त्यांचा खर्ज सांभाळीत असे जेमर्सन.

त्याने नवे काय केले? तोपर्यंत बासवादकाने षड्ज आणि पंचम आलटून पालटून द्यावेत आणि तालाचा ठोका राखावा, एवढीच अपेक्षा असे. जेमर्सनसमोर बहुधा फक्त स्वरसंवादांचा कागद ठेवला जाई. त्यातून काय फुलवावयाचे ते त्याने ठरवावे. जॅझची तालीम झालेला हा वादक दोन मुख्य स्वरांमध्ये कोमल-तीव्र स्वरांच्या पायऱ्या घालीत जाई, अपेक्षित मात्रेवर थांबून तिच्या अलीकडे किंवा पलीकडे स्वर टाकी, आणि गायकाच्या चालीखाली एक दुसरी चालच विणीत असे. आधाराचा धर्म त्याने सोडला नाही. समेवर तो बरोबर आपल्या जागी असे. १९६७ सालची फोर टॉप्सची ‘बर्नाडेट’ किंवा स्टीव्ही वंडरची ‘आय वॉज मेड टू लव्ह हर’ ही ध्वनिमुद्रिका लक्षपूर्वक ऐकली, म्हणजे याचा प्रत्यय येतो.

त्याची रीतही जगावेगळी होती. तारा जाड आणि गुळगुळीत वेष्टनाच्या. त्या तुटेपर्यंत बदलावयाच्या नाहीत, असा त्याचा हट्ट. जुन्या तारांतील झणत्कार गेलेला असल्यामुळे त्याचा नाद पखवाजाच्या थापेसारखा भरीव, गोल व चटकन मिटणारा उमटे. उजव्या हाताची केवळ तर्जनी वापरून तो हे सारे वाजवी. सहकाऱ्यांनी त्या बोटाला ‘आकडा’ असे नाव दिले होते. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनीही त्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे.

अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या वीसाहून अधिक गाण्यांत ही तर्जनी आहे. तरीही ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याची कंपनीची प्रथा नव्हती. १९७१ साली मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संचावर वादकांची नावे आली आणि जेमर्सनच्या नावामागे ‘अतुलनीय’ हे विशेषण लागले. तेव्हा त्याच्या मोटाउनमधील सेवेस एक तप उलटून गेले होते.

सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही व्यवस्था अपरिचित वाटत नाही. टिपण एकाने लिहावे, मसुदा दुसऱ्याने करावा आणि सही तिसऱ्याची असावी, हा तेथला रिवाजच आहे. परंतु टिपण लिहिणारा बदलला तरी काम अडू नये, हा त्या रिवाजामागचा हेतू असतो. जेमर्सनच्या जागी दुसरा माणूस बसवून तेच गाणे निघाले नसते. जेथे काम माणसापासून वेगळे काढता येत नाही, तेथे नाव गाळणे ही सोय राहत नाही, तो अन्याय होतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतातही गोव्याहून आलेल्या कितीतरी वादकांची आणि संयोजकांची नावे पडद्यावर आली नाहीत, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

१९७२ साली मोटाउनने आपले बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलविले. पुढच्या वर्षी जेमर्सनही तेथे गेला. पण आपला संच, आपले शहर आणि आपली खोली यांपासून तुटलेल्या या वादकाचा जम बसला नाही. नव्या निर्मात्यांना लखलखीत तारा आणि अंगठ्याने तडाखा देण्याची नवी पद्धत हवी होती. तो आपली पद्धत सोडण्यास तयार नव्हता. मद्याचे व्यसन जुनेच होते, ते बळावले. १९८३ च्या मार्चमध्ये मोटाउनच्या पंचवीस वर्षांचा सोहळा पॅसाडेना येथे झाला, तेव्हा बाहेर जादा दराने विकले जाणारे तिकीट काढून तो मागच्या सज्जात बसला होता, असे सांगतात. त्याच वर्षी, २ ऑगस्ट रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

कीर्ती मागाहून आली. १९८९ साली त्याचे चरित्र आणि वादनाची स्वरलिपी एकत्र देणारा ग्रंथ निघाला, २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने साथीदारांच्या वर्गात त्याचा समावेश केला आणि २००२ साली फंक ब्रदर्सवर माहितीपट निघाला. आज जगभरचे विद्यार्थी त्याची स्वरलिपी समोर ठेवून बोटे घासतात.

श्रोत्यांना एकच सुचवावेसे वाटते. टेम्प्टेशन्स या संचाचे ‘माय गर्ल’ हे गाणे मिळवावे आणि ते भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या कर्ण्यावर न ऐकता मोठ्या ध्वनिक्षेपकावर ऐकावे, कारण लहान कर्ण्यातून खर्ज उमटतच नाही. गायकाने तोंड उघडण्यापूर्वी, गिटारही लागण्यापूर्वी, एकटे बास बोलू लागते. ते काही क्षण जेमर्सनचे आहेत. पुढे गायक गाऊ लागले तरी कान तेथेच, खाली ठेवावा.