मनावरचे घाव – भाग ६ : बेचाळीस तास

हिंगोली शहरात पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे आजही तोंडी आहेत. निजामाच्या काळातल्या हैदराबाद कंटिन्जंटची इथली छावणी १९०३ साली उठली, नावे तेवढी राहिली. त्यांत पेन्शनपुरा सगळ्यांत बोलके. वर्दी उतरवलेला शिपाई जिथे घर करतो, तिथले ते नाव.

घरी आलेल्या प्रत्येक फौजीला स्वस्थ झोप लागतेच असे नाही. कुणी दिवाळीचा बॉम्ब वाजला की भिंतीला टेकतो, कुणी रात्री तीनला अंगणात फेऱ्या घालतो. घरचे म्हणतात, "जरा तापट झालेत." गेल्या भागात आपण या विकाराची, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या पीटीएसडीची, लक्षणे पाहिली. आता ज्या उपचाराची जगभर चर्चा आहे, त्याकडे वळू.

एमडीएमए हे रसायन जर्मनीतल्या मर्क कंपनीने १९१२ साली तयार केले. पुढे ते नाचगाण्याच्या पार्ट्यांत पोचले आणि १९८५मध्ये अमेरिकेने त्यावर बंदी घातली. ते घेतल्यावर काही तास भीतीची धार बोथट होते आणि समोरच्यावर विश्वास बसतो. जी आठवण काढताच छाती धडधडते, ती माणूस सलग सांगू शकतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीतल्या २६ जणांपैकी २२ माजी सैनिक होते. उरलेले अग्निशमन दलाचे जवान आणि एक पोलीस. निकाल आशादायक निघाले.

पण खरी शिकवण २०२३च्या मोठ्या चाचणीत आहे. १०४ रुग्णांपैकी निम्म्यांना एमडीएमए दिले, निम्म्यांना निव्वळ खोटी गोळी. औषधवाल्यांपैकी सुमारे ७१ टक्के लोक उपचारांनंतर पीटीएसडीच्या निकषांत बसत नव्हते. खोट्या गोळीवाल्यांत हा आकडा जवळपास ४८ टक्के होता! त्यांना औषधाचा कणही मिळाला नव्हता. मिळाले ते दोन प्रशिक्षित समुपदेशक: आठ-आठ तासांच्या तीन बैठका, शिवाय आधी-नंतरच्या दीड-दीड तासाच्या बारा. एकूण बेचाळीस तास कुणीतरी त्यांचे ऐकून घेत होते.

औषधाचा वाटा त्यात नाही असे नाही. पण आपल्याला खरी गोळी मिळाली की खोटी, हे बहुतेक रुग्णांना कळून चुकत होते, त्यामुळे आकड्यांवर किती विसंबायचे हा प्रश्न उरला. एका चाचणीत समुपदेशकांनी रुग्णाशी गैरवर्तन केल्याचेही उघड झाले. ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजुरी नाकारली. ऑस्ट्रेलियात मात्र १ जुलै २०२३पासून परवानगी मिळालेले मानसोपचारतज्ज्ञ एमडीएमए देऊ शकतात.

भारतात एमडीएमए जवळ बाळगणे हाच १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. कुणी खासगीत "मिळवून देतो" म्हणाले, तर त्याच्या नादी लागू नये. ते रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढवते. पन्नाशीतल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. भूल देण्यासाठी वापरले जाणारे केटामाइन आपल्याकडे कायदेशीर आहे, पण अमेरिकेत १५८ सैनिक आणि माजी सैनिकांवर झालेल्या चाचणीत पीटीएसडीवर त्याचा ठोस गुण दिसला नाही. नैराश्य कमी झाले, इतकेच.

मग हिंगोलीच्या फौजीने थांबून राहायचे का? अजिबात नाही. आघाताची आठवण धीराने, टप्प्याटप्प्याने बोलून हलकी करणारे उपचार आहेत, सर्ट्रालीनसारख्या गोळ्याही आहेत, आणि त्यांना बंदी नाही. उणीव आहे ती ऐकणाऱ्या प्रशिक्षित माणसांची, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती सर्वांत जास्त जाणवते. माजी सैनिकांच्या संघटनांनी बैठकीत पेन्शनच्या फरकाबरोबर हाही विषय घ्यावा आणि जिल्ह्यासाठी प्रशिक्षित समुपदेशक मागावेत.

१ डिसेंबर २०२३पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदले आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा वेगळा कक्ष सुरू झाला आहे. 'टेली मानस'चा क्रमांक १४४१६; फोन मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येते. घरातल्या फौजीला तो लावायला संकोच वाटत असेल, तर पहिला फोन घरच्यांनी लावावा.