दोघांची नेमणूक

न्हाणीघर सोडलं, तर एल्डरला, म्हणजे मॉर्मन चर्चच्या तरुण प्रचारकाला, एकटं राहायची मुभा कुठेच नाही. जोडीदार दिसला पाहिजे, त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. झोपायचं एकाच खोलीत, वेगळ्या अंथरुणावर. हा जोडीदार कोण, हे आपण ठरवायचं नसतं. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात आणि कोणाला कोणाबरोबर कुठे पाठवायचं, हे मिशनचा अध्यक्ष ठरवतो.

तोक्योच्या निशी-कासाईत भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथे पांढरे शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी आणि हेल्मेट घातलेले दोन सायकलस्वार दिसले की आम्ही ‘मॉर्मन आले’ म्हणतो. २०१८पासून त्यांच्या चर्चला हे टोपणनाव नकोसं झालं आहे. पण पूर्ण नाव इतकं लांब आहे की रस्त्यात ते कोण घेणार! या जोडीतला उंच एल्डर आयडाहोच्या बटाट्याच्या शेतातून आलेला आणि बुटका फिलिपिन्सचा. दोघांनाही अजून विशी लागायची होती. एका शनिवारी मी सायकल काढून त्यांच्या मागे निघालो.

साडेसहाला उठायचं, व्यायाम, मग आधी एकट्याने आणि नंतर दोघांनी मिळून धर्मग्रंथ वाचायचे, त्यानंतर जपानी भाषा. बाहेर पडेपर्यंत दहा वाजतात. अमेरिकेतल्या प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात भाषेचे जेमतेम दोन महिने मिळतात, बाकीची गल्लीत शिकायची. उंच एल्डर इंटरकॉमवर अगदी नम्र जपानीत बोलला. पलीकडून त्याहून नम्र नकार आला. दुसरं दार, तिसरं दार, तेच. जपानी नकारात कडवटपणा नसतो, त्यामुळे चिडायचीही सोय नाही. एका आजीबाईंनी मात्र आत बोलावून हिरवा चहा पुढे केला. चहा-कॉफी, दारू, तंबाखू त्यांना वर्ज्य. हिरवा चहाही त्यातच येतो. बुटक्या एल्डरने लाजत ‘मुगिचा आहे का’ विचारलं. तो भाजलेल्या सातूचा काढा, तो चालतो. आजीबाईंना या पोरांचं कौतुक वाटलं. धर्माचं पत्रक त्यांनी घेतलं आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिलं.

हे नकार आजचे नाहीत. चर्चचे नेते हीबर ग्रँट यांच्याबरोबर १९०१मध्ये योकोहामाला जे पहिले प्रचारक उतरले, त्यांत आल्मा टेलर हा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. तो १९१०पर्यंत राहिला आणि ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्यांचा धर्मग्रंथ जपानीत आणून गेला. तरीही १९२४मध्ये मिशन बंद झालं, तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले दोनशेसुद्धा नव्हते. काम पुन्हा सुरू झालं ते १९४८मध्ये.

मुलग्यांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड. पगार नाहीच, उलट अमेरिकेतल्या मुलाच्या घरून महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात, मग नेमणूक महागड्या तोक्योत असो की आणखी कुठे. रात्री अधूनमधून मंडळीतल्या एखाद्या कुटुंबात जेवण असतं. आपल्याकडे पुण्यात विद्यार्थी वार लावून जेवत, त्याच्या जवळची ही रीत. सोमवारी कपडे धुणं, बाजार आणि घरी फोन. हा दर आठवड्याचा फोन २०१९पासूनचा. त्याआधी नाताळ आणि मातृदिन, असे वर्षातून दोनदाच घरचे आवाज ऐकू यायचे.

मला सगळ्यात अवघड वाटलं ते मात्र आठवड्याच्या नियोजनानंतरचं बोलणं. दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांचं काय आवडलं, काय खुपलं, हे सांगायचं. घोरण्यापासून श्रद्धेपर्यंत सगळं त्यात येतं. लग्नाला वीस वर्षं झालेल्या जोडप्यांनाही हे झेपणार नाही. येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं, हा त्यामागचा आधार. पण मला त्यात व्यवस्थापनाची हुशारी जास्त दिसते. दिवसभर नकार ऐकलेल्या मुलाला रात्री शंका आली, तरी ती घेऊन बसायला त्याला कोपरा नसतो.

मी ते बोलून दाखवलं. ‘ही सोबत आहे की पहारा?’

उंच एल्डर हसला. ‘पहिल्या जोडीदाराच्या वेळी पहारा वाटायचा. एकदा दुपारी मी रडलो, परत जातो म्हणालो. तो काहीच बोलला नाही, माझ्या सायकलची साखळी बसवत राहिला. मुदत संपायच्या आत घरी परतलेल्यांकडे आमच्या गावात लोक कसे बघतात, ते मला माहीत होतं. मी थांबलो, त्याला ती भीतीही कारण होती.’

‘आणि देव?’

‘तोही. पण त्या दुपारी आधी भीती.’

बुटक्याने मान डोलावली आणि आपल्या भावाची गोष्ट काढली. भाऊही मिशन करून आलेला. गावी परतल्यावर चर्चच्या स्थानिक पुढाऱ्याने त्याला रीतसर मुक्त केलं, नावपट्टी उतरली. दुसऱ्या दिवशी आईने मीठ आणायला पाठवलं तर हा दारातच उभा. कोणी बरोबर येतंय का, म्हणून वाट पाहत होता. शेवटी धाकट्या बहिणीला घेऊन गेला.