लिमामधली दुपारची खानावळ

पेरूची राजधानी लिमा हे प्रशांत महासागराकाठचे सुमारे एक कोटी वस्तीचे शहर. तिथे दुपारचे जेवण हे दिवसाचे मुख्य जेवण असते आणि कामावरची माणसे ते बहुधा बाहेरच घेतात. साध्या खानावळीच्या दारात फळ्यावर त्या दिवसाचा 'मेनू' खडूने लिहिलेला असतो. तो एकाच किमतीत मिळतो आणि आपल्या राइस प्लेटसारखा ठरलेला असतो: आधी सूप किंवा एखादा थंड पदार्थ, मग भाताबरोबरचा मुख्य पदार्थ, सोबत पेलाभर सरबत. यादीतून वेगवेगळे पदार्थ मागवले तर खर्च बराच वाढतो. सेंट्रल (2023) आणि माइदो (2025) या लिमामधल्याच उपाहारगृहांनी जगातल्या पन्नास सर्वोत्तमांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला, पण पेरूचे जेवण समजून घ्यायचे तर या फळ्यापाशीच थांबावे.

बसल्याबरोबर पुढ्यात येतात ते भाजलेले खारे मक्याचे दाणे आणि मिरचीच्या वाटणाची वाटी. दाणे खात माणसे ताटाची वाट पाहतात.

माशांच्या खानावळींना तिथे 'सेविचेरिया' म्हणतात. ताज्या कच्च्या माशाचे तुकडे, लिंबाचा रस, मीठ, तिखट मिरची आणि उभा चिरलेला लाल कांदा एवढ्यावर सेविचे होते. चुलीचा संबंध येत नाही. लिंबाच्या आंबटपणाने माशातली प्रथिने घट्ट होतात आणि तुकडा शिजल्यासारखा पांढरा दिसू लागतो. मात्र आंबट रस उष्णतेसारखा जंतू मारत नाही, म्हणून मासा ताजाच हवा. अशा खानावळी परंपरेने दुपारीच चालतात आणि तिसऱ्या प्रहरी बंद होतात. शीतपेट्या नव्हत्या त्या काळात सकाळचा मासा संध्याकाळी कच्चा खाणे धोक्याचे होते. तेव्हाची शिस्त अजून पाळली जाते. किनाऱ्यालगतच्या थंड हंबोल्ट प्रवाहामुळे तिथला समुद्र माशांनी समृद्ध आहे. सोबत उकडलेले रताळे आणि टपोऱ्या दाण्यांचा मका असतो. ताटात उरलेला आंबट-तिखट रस टाकून देण्याची चूक कोणी करत नाही; तो 'वाघाचे दूध' या नावाने पेल्यातूनही मिळतो. डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोने सेविचेच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले.

हे ताट मराठी माणसाला परके वाटत असले, तरी त्यातला बराचसा माल त्याच्या रोजच्या ओळखीचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खर्डा गावच्या बाजारातला बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणे आणि हिरवी मिरची यांतले काहीही पोर्तुगीज येण्यापूर्वी भारतात नव्हते. ही सारी अमेरिका खंडातली पिके. त्यांतला बटाटा तर थेट अँडीज पर्वतातला. टिटिकाका सरोवराच्या परिसरात तो हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आला आणि आज अँडीजमध्ये त्याचे चार हजारांवर देशी वाण आहेत. आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्र 1971 पासून लिमामध्येच आहे. शेंगदाण्याचा मान तर राजाच्या गळ्यापर्यंत गेला होता: पेरूतल्या सिपान येथे 1987 मध्ये उघडलेल्या, प्राचीन मोचे संस्कृतीतल्या राजाच्या थडग्यात सोन्या-चांदीच्या शेंगांचा हार मिळाला. मिरची मात्र दोन्हीकडे एकच नाही. खर्ड्याच्या ठेच्यातली मिरची आणि पेरूची पिवळी 'आही अमारियो' या दोन वेगळ्या प्रजाती आहेत. पेरूच्या मिरचीला फळासारखा वास असतो आणि पदार्थाला ती तिखटाइतकाच रंगही देते.

ही मिरची, ताजे चीज, दूध आणि बिस्किटे वाटून केलेला दाट पिवळा रस उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर ओतला की 'पापा आ ला वांकाइना' तयार होते. कुस्करलेल्या बटाट्यात लिंबू आणि मिरची मळून त्याचे थर लावले की 'काउसा'. दोन्ही थंडच वाढतात. बटाट्याला एवढ्या आदराने वागवणारे दुसरे जेवण शोधूनही सापडणार नाही.

पेरूच्या जेवणात बाहेरून आलेल्या मजुरांचा वाटा फार मोठा आहे, आणि तो सुखाच्या दिवसांतून आलेला नाही. 1849 ते 1874 या काळात सुमारे एक लाख चिनी मजूर करारावर आणले गेले. उसाच्या मळ्यांत आणि ग्वानो खताच्या बेटांवर त्यांना गुलामांसारखे राबवले गेले. करार संपल्यावर काहींनी लिमामध्ये खानावळी काढल्या. 'चिफा' नावाची चिनी-पेरुवी उपाहारगृहे आज गल्लोगल्ली आहेत. बीफच्या पट्ट्या, कांदा, टोमॅटो आणि सोया सॉस मोठ्या आचेवर परतून केलेला 'लोमो साल्तादो' हा तिथलाच वारसा. त्याच्याबरोबर तळलेला बटाटाही येतो आणि भातही. 1899 मध्ये जपानी मजुरांची पहिली तुकडी उतरली, 790 जणांची. पूर्वी मासा लिंबात तासन्‌तास मुरवत; जपानी हातांच्या प्रभावाने तो वेळ काही मिनिटांवर आला. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाट्याला मालकाने नाकारलेले मांस येई. बैलाच्या हृदयाचे तुकडे मसाल्यात मुरवून निखाऱ्यावर भाजलेले 'अँटिकुचो' संध्याकाळी रस्त्यावर विकले जातात, त्यांच्या मागे तो इतिहास आहे.

संध्याकाळी कुटुंबे जातात ती कोंबडीच्या खानावळीत. 1950 च्या सुमारास लिमाजवळ सांता क्लारा येथे रॉजर शूलर या स्विस गृहस्थाने आपल्या कोंबड्या निखाऱ्यावर भाजून विकायला सुरुवात केली. अनेक सळया एकत्र फिरवणारे यंत्र फ्रान्झ उलरिक याने बनवून दिले. तीच 'पोयो आ ला ब्रासा' आज देशभर खाल्ली जाते.

शाकाहारी माणसाने थोडे विचारून मागवावे, कारण सूप बहुधा मांसाच्या पाण्यात शिजलेले असते आणि काउसाच्या थरांमध्ये कोंबडी किंवा मासा असतो. वांकाइना बटाटा, मक्याच्या कणसाबरोबर चीज आणि अरेकिपा शहराकडचे बाकला-मका-चीजचे 'सोल्तेरितो' हे पर्याय हाताशी आहेत. वांकाइनावर उकडलेल्या अंड्याची फोड ठेवतात, ती नको असेल तर आधीच सांगावे.

शेवटी जांभळ्या मक्याचे, दालचिनी-लवंग घालून उकळलेले गार 'चिचा मोरादा' प्यावे, किंवा 1935 पासून चालत आलेला पिवळाधमक, गोड इंका कोला. गोडात भोपळा आणि रताळे घालून भिजवलेल्या पिठाची तळलेली कडी गुळाच्या पाकात बुडवून देतात. बिल मागितल्याशिवाय येत नाही.