शाईतला अंधार : ‘एलियन्स’ची चित्रकथा

रिडली स्कॉटचा ‘एलियन’ १९७९ साली आला, त्याच वर्षी आर्ची गुडविन आणि वॉल्टर सायमनसन यांनी त्याचे कॉमिकही काढले. पण कॉमिकशी त्याचे नाते आधीपासूनचे. पटकथाकार डॅन ओ’बॅननने लिहिलेली एक चित्रकथा फ्रान्समधल्या ‘मेताल उर्लां’ मासिकात आली होती. ती काढणाऱ्या मोबियसनेच पुढे ‘एलियन’मधले अंतराळवीरांचे पोशाख रेखाटले. त्याच्याही मागे अमेरिकेतल्या ईसी कंपनीची ‘वीअर्ड सायन्स’सारखी मासिके उभी होती. १९५४च्या कॉमिक्स कोडने त्या भयकथांचा गळा आवळला खरा, पण त्या वाचलेली पोरे मोठी होऊन चित्रपट करू लागली. ‘एलियन’मधल्या राक्षसाचे आजोळ कॉमिकच म्हणायचे.

१९८८ साली ओरेगनमधल्या ‘डार्क हॉर्स’ या लहानशा, दोनच वर्षांच्या प्रकाशन संस्थेने ‘एलियन्स’ हे कॉमिक सुरू केले. लेखक मार्क व्हरहायडन, चित्रकार मार्क नेल्सन. सहा अंक, तेही कृष्णधवल. जेम्स कॅमेरॉनच्या १९८६च्या ‘एलियन्स’ चित्रपटात वाचलेली चिमुरडी न्यूट इथे तरुण झाली आहे आणि दुःस्वप्नांपायी मनोरुग्णालयात पडली आहे. तिला वाचवणारा सैनिक हिक्स विद्रूप चेहरा घेऊन दारूत बुडालेला. चित्रपट जिथे सुटकेवर थांबला, तिथून पुढे त्या सुटकेची किंमत किती पडली, हे व्हरहायडन मांडतो. मोहीम एलियन जीवांच्या मूळ ग्रहाकडे निघते आणि इकडे पृथ्वीवर त्यांनाच देव मानणारा एक पंथ उभा राहतो. माझ्या मते अख्ख्या मालिकेतली सर्वांत भयानक कल्पना हीच : माणसे आपणहून, हात जोडून, त्या जबड्यापुढे जातात. त्यापुढे चित्रपटांतली, नफ्यासाठी या जीवांचे नमुने पकडणारी कंपनी साधीभोळी वाटते.

नेल्सनची रेघ बारीक, किरकिरी. ‘एलियन’साठी चित्रकार गिगरने घडवलेल्या त्या देहाच्या फासळ्या आणि नळ्या अंतराळजहाजाच्या पाइपांत अशा मिसळतात की भिंत कुठे संपली आणि प्राणी कुठे सुरू झाला, ते पुन्हा पाहावे लागते. चित्रपटात दिग्दर्शक ठरवतो आपण किती वेळ पाहायचे. इथे डोळा पानावर रेंगाळतो, नको ते शोधत बसतो. शिवाय आवाज नाही. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत जे घडते, ते वाचकानेच घडवायचे. पुढची मालिका डेनिस बोव्हेने रंगवली. चित्रे देखणी आहेत, पण रंग आले तशी धास्ती थोडी ओसरली.

मग १९९२ साली ‘एलियन ३’ आला आणि त्याने सुरुवातीलाच न्यूट आणि हिक्सला मारून टाकले. आता कॉमिकचे करायचे काय? पुनर्मुद्रणात न्यूटची बिली झाली, हिक्सचा विल्क्स. चेहरे तेच, आठवणीही जवळपास त्याच, फक्त नावे परकी. मालक चित्रपटवाला असला की कॉमिकवाल्याने भाडेकरूसारखे खिळासुद्धा विचारून ठोकायचा, असा हा सगळा मामला.

‘एलियन्स विरुद्ध प्रीडेटर’ ही जोडीही, म्हणजे दुसऱ्या चित्रपटमालिकेतल्या परग्रही शिकाऱ्याशी घातलेली गाठ, डार्क हॉर्सच्या पानांवरच प्रथम जमली, १९८९–९०च्या सुमारास. चित्रपटाला २००४ उजाडले. कल्पना खपली, भीती मात्र हाणामारीत विरली. त्यापेक्षा डेव्ह गिबन्स आणि माइक मिन्योला यांचे ‘साल्व्हेशन’ (१९९३) वाचावे. देवभीरू खलाशी आणि मिन्योलाच्या काळ्या सावल्या, एवढ्यावर ते तोलले आहे. आणि जेम्स स्टोकोचे ‘डेड ऑर्बिट’ (२०१७) तर जरूर : लेखनही त्याचेच, चित्रेही त्याचीच, एका कोंदट अंतराळ स्थानकावर अडकलेली मोजकी माणसे, आणि यंत्रांचे तपशील इतके दाट की पानावर श्वास घ्यायला जागा उरत नाही. मार्व्हलने २०२१ साली ‘एलियन’ची कॉमिके हाती घेतली. तिथे सफाई आहे, पण स्टोकोसारखा हट्टी हात मला तरी अजून दिसलेला नाही.

मधल्या काळात एक हिशेबही चुकता झाला. तिसऱ्या चित्रपटासाठी विल्यम गिब्सनने लिहिलेली, स्टुडिओने बाजूला ठेवलेली पटकथा जॉनी ख्रिसमसने २०१८ पासून कॉमिकमध्ये उतरवली. तिच्यात हिक्स जिवंत आहे, कामाला लागलेला आहे. त्याआधी २०१६ साली व्हरहायडन-नेल्सन यांची पहिली मालिका नव्याने छापली गेली, पुन्हा काळ्यापांढऱ्यात. न्यूट आणि हिक्स ही नावे त्यात परत आली.