चौदा गुणांचा न्याय

(पुनर्वसन आणि क्रीडा : लेखांक सहावा)

मणक्याला इजा झाल्यानंतर शरीराचे कोणते व्यापार थांबतात आणि कोणते शाबूत राहतात, याचे विवरण मागील लेखांकात केले होते. त्या शाबूत राहिलेल्या शक्तीचा विनियोग खेळाच्या द्वारे कसा होतो आणि त्या कामी समाजाने कोणता भार उचलावयाचा असतो, हे आज पाहावयाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी कमरेखालचे अंग लुळे पडलेला रुग्ण बहुधा फार काळ जगत नसे. आणि त्याचा अंत मूळ इजेपेक्षाही, एका जागी पडून राहिल्याने होणाऱ्या शय्याव्रणांनी व मूत्रमार्गातील जंतुदोषाने होई. नाझी जर्मनीतून १९३९ साली इंग्लंडात आश्रयास आलेल्या डॉ. लुडविग गुटमान यांच्याकडे १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयातील मज्जारज्जूच्या इजांचा नवा विभाग सोपवण्यात आला, तेव्हा दर दोन तासांनी, मग ती मध्यरात्र का असेना, प्रत्येक रुग्णाची कूस बदललीच पाहिजे, असा शिरस्ता त्यांनी घालून दिला. प्राण वाचू लागले. परंतु वाचलेल्या माणसाने उरलेले आयुष्य छताकडे पाहत काढावयाचे असेल तर वैद्याचे काम अर्धेच झाले, हे ओळखून त्यांनी खेळाला उपचारक्रमात औषधाइतकेच सक्तीचे स्थान दिले. धनुष्य ओढताना दंड, खांदे आणि पाठीचा वरचा भाग बळकट होतो, कमरेचा आधार नसता धड तोलून धरण्याची सवय जडते, आणि हीच सवय पुढे पलंगावरून खुर्चीत व खुर्चीतून न्हाणीघरात कोणाच्या मदतीवाचून जाताना कामास येते. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन होत असता, त्या रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी स्त्री-पुरुष सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. १९६० साली रोम येथे भरलेल्या आणि आज पहिले पॅरालिंपिक म्हणून गणल्या जाणाऱ्या क्रीडासोहळ्याचे मूळ त्या हिरवळीवर आहे.

या परंपरेशी महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे; १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून ते जायबंदी झाले आणि उपचार म्हणून पाण्यात उतरले. १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रम केला आणि भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मात्र त्यांच्या वाट्याला २०१८ साली आली. पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून चालत आलेले, पक्षाघाताने जायबंदी झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही याच विचाराचे अपत्य होय. तेथे व्हीलचेअर बास्केटबॉल हा केवळ विरंगुळा मानला जात नाही.

या बास्केटबॉलचा एक नियम मला फार विचारप्रवर्तक वाटतो. प्रत्येक खेळाडूला त्याच्या धडाच्या हालचालीवर किती ताबा आहे हे पाहून १ ते ४.५ पर्यंत गुण दिले जातात: ज्याला पुढे वाकून हातांच्या आधारावाचून पुन्हा सरळ होता येत नाही तो एक गुणाचा, आणि ज्याचे एखादे पाऊल गेले असले तरी धड पूर्णपणे वळते तो साडेचार गुणांचा. मैदानावरील ५ खेळाडूंच्या गुणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये, असा दंडक आहे. म्हणजे ४.५, ४, ३, १.५ आणि १ असा संघ उतरवता येतो; परंतु पाचही धट्टेकट्टे गडी निवडून बाकीच्यांना बाकावर बसवण्याची मुभा कोणत्याही प्रशिक्षकाला नाही.

प्रत्यक्ष खेळात याचा परिणाम पाहण्यासारखा असतो. बास्केट नेहमीच्याच, ३.०५ मीटर उंचीवर. चेंडू मांडीवर ठेवून चाकांना दोन वेळा रेटा दिला की तो जमिनीवर आपटला, सहकाऱ्याकडे दिला किंवा बास्केटकडे फेकलाच पाहिजे. चाके तळाशी बाहेर फाकलेली, त्यामुळे खुर्ची चपळाईने वळते. एक गुणाचा खेळाडू आसन मागे कललेल्या, गुडघे वर घेतलेल्या खुर्चीत पट्ट्याने जखडून बसलेला असतो. त्याच्या हाती चेंडू क्वचितच येतो. पण प्रतिपक्षाचा उंच खेळाडू बचावासाठी मागे वळतो न वळतो तोच हा आपली खुर्ची त्याच्या चाकांपुढे आडवी घालतो, लोखंडावर लोखंड खणकते, आणि अडलेल्या त्या दोन-तीन क्षणांत साडेचार गुणांच्या सहकाऱ्याला बास्केटखालची वाट मोकळी मिळते. गुणफलकावर नाव सहकाऱ्याचे लागते, पण खेळ जाणणारा प्रेक्षक टाळी देतो ती ज्याने वाट अडवली त्याला.

सर्वांत दुर्बळ खेळाडूला येथे दयेपोटी सामावून घेतलेले नसते. त्याच्यावाचून संघाचे अडावे अशी रचना नियमानेच केलेली असते. समाजाच्या साहाय्याची कसोटीही हीच असावी, असे माझे मत आहे. कोल्हापुरात १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभारणाऱ्या, स्वतः चाकाच्या खुर्चीत वावरणाऱ्या नसीमा हुरजूक यांनी शिक्षण, वसतिगृह व रोजगार यांची सांगड घातली, ती याच दृष्टीने. कारण कमावता माणूस घराला हवासा असतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील कलम ३० ने क्रीडासुविधा सर्वांना वापरता येतील अशा करण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे. तथापि कलम दफ्तरात आणि जोते मैदानावर अशी आपल्याकडील गत आहे. दीड फूट उंचीच्या जोत्याला १:१२ या प्रमाणाने १८ फूट लांबीचा उतार लागतो. इमारतीचा नकाशा मंजूर होतानाच त्याची तजवीज केली तर खर्च नगण्य, नंतर करावयाची म्हटली तर दरखास्ती, निविदा आणि वर्षानुवर्षांची टोलवाटोलवी. दरम्यान खेळाडूला चौघांनी खुर्चीसकट उचलून आत न्यावयाचे, आणि त्यालाच आपण सहकार्य म्हणावयाचे! गावातील तालीम संघ, मंडळ वा शाळा यांनी सत्काराचा एक नारळ कमी फोडून आपल्या मैदानाचे फाटक, न्हाणीघराचे दार आणि जोते एवढी तीन ठिकाणे फूटपट्टी घेऊन मोजली, तर कलम ३० ची अंमलबजावणी त्यांच्यापुरती तरी सुरू झाली असे म्हणता येईल.

पुढील लेखांकात अंधांच्या क्रिकेटचा विचार करू. त्या खेळात संघात किमान ४ खेळाडू पूर्ण अंध असावे लागतात आणि त्यांच्या बॅटमधून निघालेली प्रत्येक धाव दुप्पट मोजली जाते. हे औदार्य आहे की हिशेब, हे तेव्हा पाहता येईल.