कमी फिरकीचा फेअरवे वूड कोणाच्या कामाचा?

गोल्फच्या नियमांनुसार खेळाडूला एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात, आणि या चौदांमध्ये निवडीला सर्वांत अवघड ठरतो तो बहुधा थ्री-वूड. ड्रायव्हर जवळजवळ नेहमीच टीवर, म्हणजे जमिनीत खोचलेल्या छोट्या खुंटीवर, ठेवलेल्या चेंडूसाठी वापरला जातो आणि आयर्न प्रामुख्याने गवतावरच्या चेंडूसाठी घडवलेले असतात. थ्री-वूड हा मात्र फेअरवे वूड, आणि त्याला ही दोन्ही कामे करावी लागतात. अरुंद होलवर ड्रायव्हरऐवजी त्यानेच पहिला फटका मारायचा, आणि फेअरवेवरून, म्हणजे टी व ग्रीन (होलच्या भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) यांच्यामधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून, दोनशे यार्डांपलीकडचे ग्रीन गाठायचे तेही त्यानेच. पूर्वी या क्लबांची डोकी पर्सिमन नावाच्या कठीण लाकडाची असत. १९७९ साली गॅरी अॅडम्स यांनी टेलरमेड कंपनी स्थापून धातूचे ‘वूड’ बाजारात आणले आणि पुढे हळूहळू लाकूड हद्दपार झाले, तरी नाव तेच राहिले. आजचा नेहमीचा थ्री-वूड साधारण ४३ इंच लांबीचा असतो आणि त्याचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा मागे कललेला कोन, १५ अंशांच्या आसपास असतो.

अलीकडच्या काळात जवळजवळ प्रत्येक कंपनी आपल्या फेअरवे वूडची एक ‘कमी फिरकीची’ आवृत्ती काढते. पिंगच्या मालिकेतील एलएसटी, कोब्राच्या मालिकेतील एलएस आणि कॅलवेच्या ट्रिपल डायमंड या आवृत्त्या त्याच जातीच्या असून, कुशल आणि वेगाने स्विंग करणाऱ्या खेळाडूंसाठी त्या असल्याचे सांगितले जाते. या वर्णनातला ‘कुशल’ हा शब्द बराच फसवा आहे, कारण कौशल्य आणि फिरकी यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

फिरकी म्हटले की मराठी वाचकाला क्रिकेटमधली, टप्पा पडल्यावर वळणारी फिरकी आठवते. गोल्फमध्ये मुख्य काम करते ती हवेतली उलटी फिरकी, जिला खेळाडू बॅकस्पिन म्हणतात. क्लबच्या कललेल्या तोंडाचा आघात होताच चेंडू पुढे जाताना मागच्या बाजूला फिरू लागतो, त्यामुळे त्याच्यामागून सुटणारी हवा खाली ढकलली जाते आणि तिच्या प्रतिक्रियेने चेंडूला वर उचलणारे बल मिळते. फिरत्या वस्तूंवरील या बलाला जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मॅग्नस यांचे नाव मिळाले असले, तरी गोल्फच्या चेंडूसाठी त्याचा गणिती अभ्यास एडिंबरा विद्यापीठातील प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात केला, आणि उलट्या फिरकीमुळेच चेंडू इतका वेळ हवेत टिकतो हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट याने १८९६ आणि १८९८ साली ब्रिटनची हौशी अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. या यशात वडिलांच्या समीकरणांचा वाटा किती, हा प्रश्न वेगळा. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा आणि कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा हा चेंडू फिरकीशिवाय मारला, तर तो थोड्याच अंतरावर खाली येईल. उलटपक्षी फिरकी फार झाली, की उचलणाऱ्या बलाबरोबर हवेचा विरोधही वाढतो, चेंडू पुढे जाण्याऐवजी वर चढत राहतो आणि समोरून वारा असेल तर जवळजवळ जागच्या जागी उतरतो. म्हणजे फिरकीचे एक योग्य प्रमाण असते, आणि ते प्रत्येक खेळाडूच्या वेगानुसार बदलते.

ही फिरकी येते कोठून, हे समजल्याशिवाय क्लबची निवड करता येत नाही. आघाताच्या क्षणी तोंडाचा प्रत्यक्षातला कोन आणि क्लब खाली किंवा वर ज्या दिशेने जात असतो तो कोन, या दोहोंमधील अंतराला ‘स्पिन लॉफ्ट’ म्हणतात. हे अंतर जितके मोठे आणि क्लबचा वेग जितका जास्त, तितकी फिरकी अधिक. छापील १५ अंशांचा क्लब सर्वांच्या हातात सारखीच फिरकी देत नाही त्याचे कारण हेच. ट्रॅकमन या रडारवर आधारित मापनयंत्राच्या डॅनिश कंपनीने व्यावसायिक खेळाडूंच्या ज्या सरासरी प्रसिद्ध केल्या आहेत, त्या या दृष्टीने फार बोलक्या आहेत. अमेरिकेच्या पीजीए टूरवरील पुरुष खेळाडूंचा थ्री-वूड ताशी १०७ मैल वेगाने आणि सुमारे ३ अंश खाली उतरत चेंडूवर येतो, चेंडू ताशी १५८ मैल वेगाने सुटतो, मिनिटाला ३,६५५ फेऱ्या घेतो आणि जमिनीला टेकेपर्यंत २४३ यार्ड जातो. या हवेतल्या अंतराला कॅरी म्हणतात. एलपीजीए टूरवरील महिला खेळाडूंचा क्लब ताशी ९० मैल वेगाने आणि जवळजवळ सपाट मार्गाने येतो, चेंडू ताशी १३२ मैल वेगाने सुटतो आणि त्याच्या फेऱ्या असतात २,७०४. या महिला जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी आहेत. त्यांच्या कौशल्याविषयी शंका घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. तरीही फिरकी आणखी कमी करणारा क्लब त्यांच्यापैकी अनेकींच्या हातात दिला, तर चेंडू पुरेसा उंच न जाता लवकर खाली येईल आणि अंतर वाढण्याऐवजी घटेल. टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथ्या क्रमांकावर आलेली बंगळुरूची अदिती अशोक तिथे टीवरून मिळणाऱ्या अंतरात इतरांच्या बरीच मागे होती आणि ग्रीन गाठण्यासाठी तिला वारंवार हायब्रिड (आयर्न आणि वूड यांच्या मधला क्लब) व फेअरवे वूड काढावे लागत होते. अशा खेळाडूच्या क्लबला उंची आणि ग्रीनवर थांबण्याची क्षमता लागते, फिरकीची काटकसर नव्हे.

हौशी खेळाडूंची गत याहून निराळी नाही. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या दर्जाचा आकडा, जो जितका कमी तितका खेळ चांगला; तो एका अंकात असलेल्या खेळाडूला आपल्याकडच्या क्लबांमध्ये सिंगल हँडिकॅपर म्हणून मान असतो. पण पन्नाशीचा, ताशी ९२ मैल वेगाने सहज लयीत स्विंग करणारा सिंगल हँडिकॅपर आणि ताशी ११० मैल वेगाने चेंडूवर वरून तुटून पडणारा पंचविशीतला सिंगल हँडिकॅपर, या दोघांना एकच क्लब शोभणार नाही. कमी फिरकीचे डोके दुसऱ्याच्या कामाचे आहे, आणि पहिला ते घेत असेल तर बहुधा त्याच्या दिसण्यावर जातो. ही डोकी आकाराने लहान आणि नेटकी असतात व चेंडूमागे ठेवल्यावर खरोखरच देखणी दिसतात. खरेदीत या मोहाचा वाटा मोठा असतो.

फिरकी कमी करण्यासाठी डोक्याच्या आत जे केले जाते, त्याचे सार वजनाची मांडणी एवढेच आहे. टायटॅनियमची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ४.५ ग्रॅम, पोलादाची ८ च्या जवळपास आणि टंगस्टनची १९.३ ग्रॅम असते. म्हणून वरचा भाग हलक्या कार्बन तंतूंचा करून आणि वाचलेले वजन टंगस्टनच्या रूपाने तळाशी, तोंडालगत ठेवून डोक्याचा गुरुत्वमध्य खाली आणि पुढे आणला जातो. गुरुत्वमध्य मागे असला, की आघातापूर्वी शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, डोक्याला किंचित पुढे झुकवतो आणि प्रत्यक्षातला लॉफ्ट वाढतो. तो पुढे आणला की ही वाढ घटते. दुसरा परिणाम गिअर इफेक्टचा. चेंडू गुरुत्वमध्याच्या खाली लागला तर डोके तेवढ्यापुरते फिरते आणि एकमेकांत गुंतलेल्या दातेरी चाकांप्रमाणे चेंडूला उलट दिशेची जादा फिरकी मिळते; गुरुत्वमध्याच्या वर लागला तर फिरकी घटते. गुरुत्वमध्य तोंडाजवळ असेल तर हा परिणामच सौम्य होतो. याची किंमत मात्र मोजावी लागते: वजन पुढे गोळा झाल्याने डोके वळण्यास करत असलेला विरोध कमी होतो, आणि तोंडाच्या मध्यापासून दूर लागलेल्या फटक्यांचा वेग व दिशा अधिक बिघडते. क्षमाशीलता म्हणतात ती हीच, आणि कमी फिरकीच्या क्लबात ती सहसा कमी असते.

फेअरवे वूडच्या बाबतीत गुरुत्वमध्याच्या उंचीचा प्रश्न तो पुढे-मागे असण्याहून अधिक निर्णायक आहे, आणि जाहिराती नेमक्या येथेच गप्प असतात. घट्ट कापलेल्या गवतावर पडलेल्या चेंडूचा मध्य जमिनीपासून साधारण २१ मिलिमीटर उंच असतो आणि तोंड मागे कललेले असल्याने त्याचा स्पर्श त्याहूनही थोडा खाली होतो. म्हणजे टीवरचा चेंडू तोंडाच्या मध्यावर किंवा वर घेता येत असला, तरी गवतावरचा चेंडू तोंडाच्या खालच्या भागातच लागणार. तोंड उंच आणि गुरुत्वमध्यही वर असलेले डोके टीवरून उत्तम, कमी फिरकीचा चेंडू देईल, आणि तेच डोके गवतावरून गिअर इफेक्टमुळे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त फिरकी व कमी वेग देईल. १९९० च्या दशकात अॅडम्स गोल्फच्या टाइट लाइज या बुटक्या तोंडाच्या क्लबला अमेरिकेत जे यश मिळाले, त्यामागे खाली असलेल्या गुरुत्वमध्याचा हाच हिशेब होता. टेलरमेडने २०१२ साली रॉकेटबॉल्झ मालिकेच्या फेअरवे वूडमध्ये तोंडामागे तळाला खाच देऊन खालच्या बाजूने लागलेल्या चेंडूचाही वेग टिकवण्याची युक्ती केली आणि १७ यार्ड जास्त अंतराची जाहिरात केली. सतरा यार्डांचा दावा प्रत्येकाच्या बाबतीत खरा ठरला नसला, तरी अशी खाच नंतर अनेक कंपन्यांनी स्वीकारली.

म्हणून थ्री-वूड मुख्यतः कोठून मारायचा, हे निवडीपूर्वी ठरवावे लागते. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी मैदानासारख्या, दोन्ही बाजूंनी दाट झुडपांनी आवळलेल्या मैदानावर अनेक व्यावसायिकसुद्धा ड्रायव्हर पिशवीत ठेवून टीवरून छोटे क्लब वापरतात. तेथे कमी फिरकीचा, खालून जाऊन घरंगळणारा चेंडू सोन्यासारखा. पार-५ होलवर, म्हणजे पाच फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेल्या होलवर, दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचे असेल, तर चेंडू ज्या कोनातून खाली येतो तो महत्त्वाचा. पीजीए टूरवर थ्री-वूडचा चेंडू सरासरी ४३ अंशांतून आणि फाइव्ह-वूडचा ४७ अंशांतून उतरतो. हा कोन चाळिशीच्या बराच खाली गेला, की चेंडू ग्रीनवर पडूनही मागच्या बाजूने बाहेर जाण्याची शक्यता वाढते, आणि मग कमी फिरकीने मिळवलेल्या जादा अंतराचा उपयोग उरत नाही.

मैदान आणि ऋतू यांचाही हिशेब यात येतो. मुंबई-पुण्याकडे पावसाळ्यात फेअरवे इतका भिजलेला असतो, की चेंडू जेथे पडतो तेथेच रुततो. घरंगळण्यातून मिळणारा फायदा शून्य होतो आणि सारे अंतर हवेतूनच मिळवावे लागते, त्यामुळे कमी फिरकीचा खालून जाणारा चेंडू जून ते सप्टेंबर तोट्याचा ठरू शकतो. डिसेंबरच्या कोरड्या, कडक जमिनीवर तोच चेंडू वीस यार्ड पुढे धावेल. काश्मीरमधील गुलमर्गचे मैदान सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत विरोधाबरोबर उचलणारे बलही घटते, म्हणून आधीच कमी फिरकी असलेल्या खेळाडूला तेथे उंची मिळवणे अधिक जड जाते.

चाचणीबाबत एक-दोन गोष्टी ठामपणे सांगता येतात. दुकानातील कृत्रिम गवताच्या चटईवर क्लब घसरून चेंडूवर येतो आणि जमिनीत आधी बसणारा फटका चांगला भासतो, म्हणून चाचणी खऱ्या गवतावर आणि नेहमीच्या चेंडूने करावी. चेंडूची उड्डाणमाहिती नोंदवणारे यंत्र, म्हणजे लाँच मॉनिटर, फिरकी प्रत्यक्ष मोजते की अंदाजते, हे विचारून घ्यावे. काही स्वस्त यंत्रे केवळ अंदाजतात. पडद्यावरचा सर्वांत लांब आकडा पाहण्यापेक्षा दहांपैकी सर्वांत वाईट तीन फटक्यांची कॅरी पाहावी, कारण मैदानावर बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, जातात ते हेच तीन. तोंडावर पावडरचा फवारा मारला, की चेंडू कोठे लागतो ते दिसते. तो सतत तळाशी लागत असेल, तर फिरकीचे मूळ डोक्यात नसून स्विंगमध्ये किंवा क्लबच्या लांबीत असू शकते, आणि अर्धा इंच आखूड शाफ्ट नव्या डोक्यापेक्षा स्वस्त पडतो. क्लबच्या मानेजवळच्या, डोके शाफ्टला जोडणाऱ्या फिरत्या जोडाने लॉफ्ट घटवून फिरकी उतरवण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने तोंडही किंचित उघडते आणि उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू उजवीकडे जाऊ लागतो.

वेग खरोखरच जास्त असेल, फिरकी ४,००० च्या वर जात असेल आणि चेंडू वाऱ्यात उभा राहत असेल, तर कमी फिरकीचे डोके घ्यावे, आणि तेही १५ ऐवजी १६ ते १६.५ अंश लॉफ्टचे, कारण अशा डोक्याला उंची लॉफ्टमधूनच मिळवावी लागते. १३.५ अंशांचा ‘स्ट्राँग’ थ्री-वूड फक्त टीवरून मारणाऱ्यासाठी ठीक आहे. थ्री-वूडने ताशी १४० मैलांपेक्षा कमी वेगाने चेंडू सोडणाऱ्या खेळाडूने, त्याचा हँडिकॅप कितीही खाली असो, त्या पैशांत १८ अंशांचा चांगला फाइव्ह-वूड घ्यावा.