मोगऱ्याची छाटणी आताच करा

वसंत पंचमी झाली, इंदूरची थंडी ओसरू लागली. बागेत आता पहिले काम मोगऱ्याचे. गेल्या वर्षी शाळेच्या कुंड्यांतील मोगरा छाटायला आमचे मन धजले नाही. इतका हिरवागार दिसत होता! उन्हाळाभर पाने भरपूर मिळाली, फुले मात्र ओंजळभरही नाहीत. मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटीवर. जुन्या फांद्या तशाच राखल्या की फूट कमी आणि फुलेही कमी.

म्हणून आधी आठ-दहा दिवस पाणी तोडावे. मग वाळलेल्या फांद्या बुडापासून काढाव्यात, बाकीच्या जमिनीपासून एक ते दीड फुटावर छाटाव्यात व राहिलेली पानेही खुडावीत. (झाड अगदी केविलवाणे दिसते. घाबरू नका, घरी आजींना विचारा.) वरची माती खुरप्याने दोन-तीन इंच हलवून एक-दोन दिवस ऊन खाऊ द्यावी. नंतर बारा इंची कुंडीला दोन-तीन मुठी कुजलेले शेणखत घालून पाणी सुरू करावे. कुंडी उन्हातच हवी. सावलीत नुसती पाने वाढतात.

भेंडी, गवार, दोडक्याचे बी याच दिवसांत लावावे; भेंडीचे रात्रभर भिजवून. गळालेला पाचोळा जाळू नये, कुंड्यांत पसरावा. चैत्र-वैशाखात पाणी जपून घालावे लागते, तेव्हा तोच ओल धरतो.

शाळेच्या कुंड्यांची छाटणी येत्या शनिवारी सातवीची मुले शिक्षकांसमवेत करतील. पालकांनी कात्री धार लावूनच पाठवावी. बोथट कात्रीने फांदी चिरते.